बरणीत काय भरायचं, उन्हात काय वाळवायचं

आमच्या दुकानातून काचेची बरणी नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो. बरणी कितीही चांगली असली, तरी माल टिकणार की नाही हे आत काय भरलंय त्यावर ठरतं.

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. मटार, फरसबी, गाजर, मक्याचे दाणे शिजवून, घट्ट झाकण लावून फळीवर ठेवू नका. या भाज्यांत आंबटपणा नसतो. मातीतून येणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि अशा हवाबंद जागी वाढून जीवघेणं विष तयार करतात. वास येईलच किंवा झाकण फुगेलच असं नाही. मटार सोलून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. मेथी सावलीत वाळवा, रंग राहतो. तेलात बुडवलेली कच्ची लसूणही बाहेर नको. थोडीच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

पिंपळगावचा टोमॅटो स्वस्त झाला की बरण्यांची मागणी वाढते. पण टोमॅटो आंबट वाटला तरी काठावरचाच. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालाच. ताजं लिंबू पिळून भागत नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोला, ठेचून पाच मिनिटं उकळा आणि गरम असतानाच वर बोटभर जागा सोडून भरा. मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून बरण्या ठेवा. पाणी झाकणाच्या वर दोन बोटं हवं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथं पाणी १०० अंशांच्या थोडं खालीच उकळतं. म्हणून उकळी फुटल्यापासून पूर्ण ४५ मिनिटं ठेवा. गार झाल्यावर झाकणाचा मधला भाग दाबून पाहा. टकटक करत वरखाली झाला तर बरणी बंद झालेली नाही. ती फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात वापरा.

नक्षीच्या जाड काचेच्या बरण्या या कामाला नेऊ नका, तापल्यावर तडकतात. त्या लोणच्याला उत्तम.

लोणचं बिघडतं ते बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. कैरी धुऊन, पुसून मगच फोडा आणि फोडी पंचावर पसरून कोरड्या होऊ द्या. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ लागतंच. तब्येतीसाठी मीठ कमी करायचं असेल तर लोणचं थोडं घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावर ओता, फोडींच्या वर बोटभर यायला हवं. तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीपासूनच बुरशी धरते. आपल्या नाशिकची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली आहेत, पण बिनकल्हईच्या भांड्यात लोणचं कालवूही नका. आंबट आणि मीठ दोन्ही धातूला खातात.

द्राक्षांचे मनुके घरी सहज होतात. मार्च-एप्रिलची, चांगली गोड पडलेली बिनबियांची द्राक्षं घ्या. आंबट द्राक्षांचे मनुके चिवट होतात. देठ काढून उकळत्या पाण्यात सोडा, साली तडकू लागल्या की निथळून जाळीवर पसरा. रात्री घरात घ्या. साधारण चार किलोंचे किलोभर होतात. मूठभर दाबून सोडल्यावर एकमेकांना चिकटून गोळा झाला, तर अजून वाळवायचे आहेत.

कांदा मात्र बरणीत नको आणि फ्रीजमध्येही नको. साठवायचा तर उन्हाळ कांदाच घ्या, लाल कांदा टिकत नाही. हवेशीर जागी पसरून ठेवा, बटाट्यांपासून लांब.

झाकणाच्या आतली रबराची कड कडक झाली किंवा पत्र्याला गंज दिसला, तर झाकण बदला. येताना बरणी सोबत आणा, आट्यावर बसवून पाहूनच नवं झाकण देतो.