ऑनलाइन लिलावातील बोलीदारांचे वर्तन

इंटरनेटवरील लिलावात लोक बोली कधी, किती आणि कितीदा लावतात, याचा अभ्यास अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांत होतो. पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले संकेतस्थळ पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्ध झाले. तेथे प्रत्येक बोलीची वेळ नोंदली जात असल्यामुळे लिलावाविषयीचे सिद्धांत प्रत्यक्ष व्यवहारांवर पडताळून पाहता आले.

ईबेवर बोलीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत नेते. एकाची मर्यादा ५००, दुसऱ्याची ४२० आणि बोलीची पायरी १० असेल, तर पहिल्याला ती वस्तू ४३० ला मिळते. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत द्यायची असेल, तर बंद लिलावात, म्हणजे बोलीदारांना एकमेकांच्या बोली दिसत नाहीत अशा लिलावात, वस्तूचे आपल्या लेखी असलेले खरे मोल नोंदवणेच हिताचे ठरते, असे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. त्या हिशेबाने बोली केव्हा लावली याला फारसे महत्त्व उरू नये. पण प्रत्यक्षात असंख्य बोली अखेरच्या काही मिनिटांत, कित्येकदा शेवटच्या सेकंदांत येतात.

या घाईला उतावळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेची तुलना अॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी संपे, तर अॅमेझॉनवर उशिरा बोली आली की मुदत आपोआप वाढे आणि दहा मिनिटे नवी बोली न आल्यावरच लिलाव बंद होई. उशिराच्या बोली ईबेवर कितीतरी अधिक आढळल्या. शिवाय तेथे अनुभवी बोलीदार अधिक उशीर करत, तर अॅमेझॉनवर अनुभवासोबत हा कल घटत असे. वर्तनाला वळण लावण्यात समाप्तीच्या नियमाचा वाटा किती मोठा असतो, हे यातून स्पष्ट होते. उशीर करण्यामागे कारणेही पक्की असतात: आपली मर्यादा एकदम न नोंदवता थोडी थोडी चढवणाऱ्या नवख्यांना प्रत्युत्तराची संधी मिळत नाही, आणि जुन्या, दुर्मीळ वस्तूंच्या जाणकाराची लवकर लागलेली बोली इतरांना वस्तूच्या अस्सलपणाची खूण पटवते, तेही टळते.

वस्तूचे मोल सर्वांसाठी जवळपास सारखे पण अनिश्चित असते, तेव्हा सर्वांत आशावादी अंदाज करणारा जिंकतो आणि सावध न राहिल्यास जास्त पैसे मोजतो. याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. चढाओढीच्या भरात स्वतःच ठरवलेली मर्यादा ओलांडण्याची प्रवृत्तीही दिसते. विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून लावलेल्या बनावट बोली नेमक्या याच प्रवृत्तीचा फायदा घेतात, म्हणून लिलाव-संकेतस्थळे त्यांना मनाई करतात. मात्र खऱ्या स्पर्धकाची बोली आणि बनावट बोली यांतला फरक समोरच्या बोलीदाराला सहसा ओळखता येत नाही.