ओव्याचे तेल

ओव्याच्या (ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुल एपिएसी) वाळलेल्या फळांतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेले उडनशील तेल. आपण ज्यांना दाणे म्हणतो ती खरे तर या झाडाची फळे. जिरे, धणे, बडीशेप ही याच कुलातली. राजस्थान, गुजरात आणि माळवा हे ओव्याचे मुख्य प्रदेश असून नीमचची मंडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. इंदूरकरांना तो शेवेतून रोजच भेटतो.

फळाच्या सालीवर उठून दिसणाऱ्या कंगोऱ्यांच्या मधल्या खोलगट भागात बारीक तैलनलिका असतात. तेल तिथे कोंडलेले असते, म्हणून अख्ख्या ओव्याला बेताचाच वास येतो आणि तळहातावर चोळला की तो एकदम नाकात शिरतो. वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के तेल निघते. त्यात थायमॉल हे फिनॉल (सौम्य आम्लधर्मी सेंद्रिय संयुग) बहुधा ३५ ते ६० टक्के असते. बाकीचा मोठा वाटा गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन या हायड्रोकार्बनांचा. पायनीन, लिमोनीन, कार्व्हाक्रॉल थोडे थोडे. जात, जमीन, काढणीची वेळ आणि साठवण यांनुसार हे प्रमाण बरेच बदलते. ओव्याचा तिखट, घशाला झोंबणारा गुण थायमॉलचा असल्याने तेलाची प्रत त्याच्याच प्रमाणावरून ठरवणे योग्य. ऊर्ध्वपातनात तेल काढून घेतलेले दाणे वाळवून चांगल्या मालात मिसळणे हा भेसळीचा जुना प्रकार आहे. दिसायला ते ओव्यासारखेच. चोळल्याशिवाय कळत नाहीत.

तेल थंड केले की थायमॉलचे स्फटिक खाली बसतात. बाजारात त्यांना ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे फूल उज्जैन आणि मध्य भारतात इतरत्र तयार होई. कारखान्यात तेल सौम्य कॉस्टिक सोड्याबरोबर घुसळतात. थायमॉल फिनॉल असल्याने सोड्यात उतरते, हायड्रोकार्बने वर तरंगतात. मग आम्ल घालून थायमॉल परत मिळवतात. कास्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने १७१९ मध्ये थाइम वनस्पतीपासून वेगळा केलेला पदार्थ तो हाच. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा मुख्यतः जर्मनीला जाई आणि थायमॉल तिकडे निघे. युद्धाने ती वाट बंद झाल्यावर इथेच भट्ट्या लागल्या. पुढे मेटा-क्रेसॉल या रसायनापासून कृत्रिम थायमॉल स्वस्तात होऊ लागले आणि ओव्याला ती मागणी उरली नाही.

थायमॉल जिवाणूंच्या आणि बुरशीच्या पेशीपटलात शिरून त्याची बांधणी सैल करते. पोटॅशियमसारखे आयन बाहेर झिरपतात आणि पेशी कोलमडते. पॅरा-सायमीन एकटे दुबळे असते, पण पटल फुगवून फिनॉलांना आत जायला मदत करते, असे दिसते. त्वचेतील उष्णता ओळखणाऱ्या काही ग्राहींना थायमॉल चेतवते. छातीला चोळल्यावर ऊब वाटते ती त्यामुळे. डासांच्या अळ्यांवर ते परिणामकारक ठरले आहे, आणि मधमाश्यांना पोखरणाऱ्या व्हरोआ गोचिडांवर मधपाळ ते पोळ्यांत वापरतात. मात्र काचेच्या बशीतला जंतू मरणे आणि माणसाचा आजार बरा होणे यांत फार अंतर आहे, हे जाहिरातींत सर्रास विसरले जाते.

औषध म्हणून मोठ्या प्रमाणावर वापर झाला तो अंकुशकृमींवर, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त शोषणाऱ्या कृमींवर. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगाच्या मोहिमेत थायमॉल देत. रोग्याला त्या वेळी दारू आणि तेलतूप वर्ज्य असे, कारण त्यांत थायमॉल विरघळून रक्तात जाते आणि विषबाधा होते. म्हणूनच शुद्ध तेल किंवा फूल पोटात घेणे धोक्याचे. लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल (मेंथॉल) आणि कापूर एका बाटलीत घालून हलवले की तिन्ही घन पदार्थ एकमेकांचा वितळणबिंदू खाली आणतात व विस्तवाशिवाय पाणी होतात. ही घरोघरची अमृतधारा. तिचे थेंब मोजूनच घ्यायचे असतात.

इंदूरच्या मराठी घरांत दिवाळीच्या शेवेसाठी ओवा वाटून, पाण्यात कालवून गाळून घेतात, कारण सोऱ्याच्या चकतीत दाणे अडकतात. थायमॉल पाण्यात लिटरला जेमतेम १ ग्रॅम विरघळते, पण चमचाभर ओव्यात ते इतके थोडे असते की वाटीभर पाण्यात सहज मावते. हायड्रोकार्बने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. चव उतरते आणि भजी-शेव पचायला हलकी लागते, हा अनुभव जुना आहे. बाळंतिणीला ओवा-शेपांची धुरी देतात, जेवणानंतर ओवा-बाळंतशेप चघळायला देतात, त्यातही हेच द्रव्य.

कुंडीतल्या ज्या जाड, लोमश पानांची भजी करतात तो पानओवा तुळशीच्या कुलातला. त्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल व थायमॉल असल्याने वास जुळतो. खुरासनी ओवा मात्र धोतऱ्याच्या कुलातली विषारी वनस्पती आहे. तिच्यात थायमॉल नाही, आणि ओव्याच्या जागी ती कधीही वापरू नये.