इथे मोजपट्टीही उंदीरच असतो

१९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या ऑल्बनी आणि पोर्टलंड आणि कॅनडातल्या एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी ठरवून एकच प्रयोग केला होता. उंदरांचे तेच आठ जनुकीय गट, सारखीच उपकरणं, आणि तिन्हीकडे स्थानिक घड्याळाप्रमाणे एकाच वेळी सुरू केलेल्या चाचण्या. तरीही काही चाचण्यांचे निकाल गावागणिक वेगळे आले. एडमंटनमध्ये चाचण्या घेणाऱ्या व्यक्तीला उंदरांची ॲलर्जी होती, त्यामुळे ती श्वसनमुखवटा चढवून काम करत होती. असल्या गोष्टी कार्यपद्धतीच्या कागदावर सहसा उतरत नाहीत.

त्या चाचण्यांत उंदीर एकेकटा होता. सामाजिक वर्तनाचा अभ्यास याहून नाजूक, कारण तिथे मोजपट्टी म्हणून दुसरा जिवंत उंदीरच वापरायचा असतो. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मेंदूतल्या पेप्टाइडांवर, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या छोट्या प्रथिनांसारख्या रेणूंवर, अनेक वर्षं काम झालं आहे, म्हणजे या विषयाचा पाया शहरात आहे. पण इथला एखादा गट पुण्या-बंगळुरूच्या गटांबरोबर असा अभ्यास हाती घेणार असेल, तर मेंदूकडे वळण्याआधी पिंजऱ्याबद्दल सविस्तर बोलून घ्यायला हवं.

तीन कप्प्यांची चाचणी या क्षेत्रात सगळीकडे चालते. पारदर्शक पेटी, मधल्या दोन भिंतींना छोटी दारं. उंदराला आधी दहा मिनिटं रिकाम्या पेटीत फिरू द्यायचं. मग एका कडेच्या कप्प्यात जाळीच्या कपाखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला तसाच रिकामा कप, आणि पुढची दहा मिनिटं चित्रीकरण. ऐकायला सोपं, पण उंदीर कपावर चढून बसला तर नोंद होते ‘अनोळख्याजवळ’, म्हणून कपावर काहीतरी जड आणि गुळगुळीत ठेवावं लागतं. कपाची सवय नसलेला पाहुणा जाळी कुरतडत राहतो आणि समोरचा बिचकतो. पाहुण्याला आधीचे काही दिवस थोडा थोडा वेळ कपाखाली ठेवून सवय लावायची. पाहुणा कायम डावीकडेच ठेवला आणि उजवीकडे खिडकीचा उजेड येत असेल, तर अंधाराची ओढ मैत्री म्हणून मोजली जाईल. म्हणून दर उंदरागणिक बाजू बदलायची.

उंदीर एकमेकांना ओळखतात ते मुख्यतः वासाने, आणि आपलाही वास त्यांना येतोच. पुरुषाच्या नुसत्या वासाने, अगदी त्याने घातलेल्या टी-शर्टनेही, उंदरांचा ताण वाढतो आणि वेदनेची प्रतिक्रिया मंदावते, असं मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. नागपुरात डिसेंबरात जेवणानंतर संत्रं सोललं जाणारच. सालीतलं तेल नखांत बसतं आणि एकदा हात धुऊन जात नाही. त्याच हाताने पिंजरा उघडला, तर पुण्याच्या आणि आपल्या आकड्यांतला फरक ऑक्सिटोसिनचा (सामाजिक ओढीशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूतल्या पेप्टाइडचा) की संत्र्याचा, हे नंतर सांगता येणार नाही. हातमोजे खोलीबाहेरच चढवायचे. दोन उंदरांच्या मध्ये पेटी ७० टक्के अल्कोहोलने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलरने खोली गार होते, पण दमटपणा चढतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. उंदरांचं आपसातलं बोलणं मात्र बरंचसं ५० किलोहर्ट्झच्या वर असतं. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत एखादी मोटर किंवा ट्यूबचा चोक त्याच पट्टीत कर्कश वाजत असेल, तर त्यांना एकमेकांचं ऐकू येणार नाही. म्हणून अभ्यास सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीचं पूर्ण एक दिवस अल्ट्रासॉनिक मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करावं. मायक्रोफोन महाग असला, तरी त्यात काटकसर करू नये.

मेंदूच्या नोंदी आणि चित्रफीत जुळवताना घड्याळं दगा देतात. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत २० भाग इतकाच फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात ही दोन चित्रांहून जास्त. हुंगणं आधी की चेतापेशी पेटणं आधी, याचा निर्णय तेवढ्यात उलटतो. चौकटीत एक छोटा एलईडी ठेवून तो अनियमित अंतराने लुकलुकवायचा आणि तीच खूण मेंदूच्या नोंदीत पाठवायची. फक्त सुरुवातीला एकदा चमकवला, तर मध्ये चित्रं गळाली तरी पत्ता लागत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे प्रेअरी व्होल या उंदरासारख्या, जोडी जमवून राहणाऱ्या प्राण्याने दाखवलं. ऑक्सिटोसिनचा ग्राही, म्हणजे पेशीवर तो ज्याला चिकटतो तो रेणू, अडवला की जोडी जमत नाही, असं औषधांच्या प्रयोगांवरून अनेक वर्षं मानलं जात होतं. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी त्या ग्राहीचं जनुकच निकामी केलं, तरी व्होलच्या जोड्या जमल्या. इतक्या रुळलेल्या समजुतीविरुद्धचा निकाल समोर आला, की पहिली शंका प्रयोगाच्या बारीकसारीक गोष्टींवरच येते.

म्हणून सामायिक तक्त्यात काही साधे रकाने पहिल्या दिवसापासून हवेत: उंदीर कुणी हाताळला, कूलर चालू होता का, पिंजऱ्यात भाताचं तूस होतं की मक्याचा भुसा, पाहुणा कोणत्या बाजूला होता, आणि कोणते उंदीर एकाच वेताचे आहेत. हा शेवटचा रकाना हमखास विसरला जातो. एका वेतातले सहा उंदीर सहा स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजले, की तिन्ही गावांचं गणित एकदम चुकतं.