कापूस शेजारचा, भाव न्यूयॉर्कचा

चाळीस फुटी कंटेनरमध्ये तीस नंबरचं (नंबर म्हणजे बारीकपणाचं माप) कार्डेड सूत साधारण १८ टन बसतं. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून असा एक कंटेनर बांगलादेशला पाठवायचा, तर त्यासाठी लागणारी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आधी काढू. ब्लो रूम, कार्डिंग या साफसफाईच्या आणि पुढच्या खात्यांत मिळून १४ टक्के घट धरली तर जवळपास २१ टन रुई लागते. म्हणजे १७० किलोच्या १२३ गाठी किंवा ३५६ किलोच्या ५९ खंडी. जिनिंगचा, म्हणजे सरकी वेगळी केल्यावर मिळणाऱ्या रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर मागे ६१५ क्विंटल कापूस उभा राहतो.

खंडी ५५ हजारांची असेल तर रुईचेच सव्वाबत्तीस लाखांच्या वर जातात. सुताच्या एकूण खर्चात निम्म्याहून जास्त वाटा तिचाच. खंडीमागे पाच हजार वाढले की कंटेनरवर पावणेतीन लाखांहून जास्त, म्हणजे किलोमागे सोळा रुपये बोजा पडतो. किलोला पाच-सात रुपये सुटत असतील, तर ते केव्हाच गेले.

भाव वर्षभर चढाच राहिला तर गिरणी तो सुताच्या दरात घालते आणि ग्राहकही कुरकुरत देतो. गोम मधल्या दिवसांत असते. आज दर कळवला, आठवड्याने ऑर्डर पक्की झाली, मग एलसी (ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी) उघडायची वाट, पुढे महिना-दीड महिन्यात माल बंदरावर. सुताचा दर पहिल्या दिवशी डॉलरमध्ये बांधला गेला आणि रुई अजून घ्यायचीच आहे. त्या मधल्या काळातली प्रत्येक हालचाल गिरणीच्या अंगावर येते.

जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिलसाठी नागपूर निवडलं ते कापूस जवळ म्हणून. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. जवळ असल्याने आजही वाहतूक वाचते, पण हिंगणघाटच्या बाजारातला भाव न्यूयॉर्कच्या वायद्याकडे (पुढच्या तारखेच्या मालाचा आज बांधलेला भाव) आणि डॉलरकडे बघूनच हलतो. २०२१-२२ च्या हंगामात साठच्या घरात असलेली खंडी मे २०२२ मध्ये लाखावर पोचली आणि पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत साठ हजारांच्या आत परतली.

अशा वेळी बँकेचं गणित आधी बिघडतं. दहा कोटींच्या सीसी लिमिटमध्ये, म्हणजे साठ्यावर बँक देते त्या उचलीच्या मर्यादेत, साठ हजारांनी १,६६६ खंडी येतात, लाखाने फक्त हजार. सूत कातणाऱ्या चात्या तेवढ्याच, कामगार तेवढेच, पण कापूस कमी. भाव पडला तर उलटी पंचाईत: गोदामातल्या साठ्याची किंमत घटते, तसा उचल करायचा हक्कही घटतो. त्यातच ग्राहक एलसी लांबवतो आणि सूट मागतो.

नुकसान फक्त हिशेबाच्या वहीत दिसतं असं नाही, ते कापडातही उतरतं, आणि याची चर्चा फार कमी होते. भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरात ठेवतो. ओल, उंदीर, घरात साठलेला कापूस पिवळा पडणं, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. आवक रोडावली की गिरणी मिळेल त्या जिनिंगच्या गाठी उचलते. तंतूची जाडी आणि पक्वता यांचा मिळून अंदाज देणारं मायक्रोनेअर मग गाठीगणिक बदलतं. एका मिक्सिंगची, म्हणजे एकत्र मिसळलेल्या गाठींची सरासरी आधीच्या मिक्सिंगपेक्षा ०.१ हून जास्त सरकू नये, असा गिरण्यांचा शिरस्ता आहे. घाईच्या खरेदीत तो मोडतो. सूत दिसायला ठीक असतं, पण बांगलादेशातल्या नारायणगंजला होजिअरीचं कापड रंगवलं की त्यावर आडवे पट्टे उमटतात. जाड आणि बारीक तंतू रंग सारखा दाखवत नाहीत. मग ग्राहकाचा भरपाईचा क्लेम येतो.

वायदे बाजारात बचाव करता येतो, अर्धामुर्धा. एमसीएक्स या वायदे बाजारात रुईचा एक लॉट, म्हणजे सौद्याचा कमीत कमी आकार, ४८ खंडींचा. आपल्या कंटेनरला लागतात ५९, म्हणजे अकरा उघड्याच राहतात आणि दोन लॉट घेतले तर जास्त होतात. शिवाय वायदा घेतल्यावर भाव पडला तर मार्जिन, म्हणजे त्या तोट्याची रक्कम, रोजच्या रोज रोखीने भरावं लागतं. सुताचे पैसे मात्र दोन महिन्यांनी यायचे. लांबच्या महिन्यांत व्यवहारही विरळ असतात.

ज्या देशाची निर्यात एकाच मालावर उभी आहे, तिथे हा धक्का चलनातून येतो. झांबियाच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशात तांब्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास. तांबं चढलं की क्वाचा हे तिथलं चलन वधारतं, आणि तांब्याशी संबंध नसलेल्या कारखानदाराला त्याच डॉलरचे कमी क्वाचा मिळतात. तांबं पडलं की बाहेरून आणायची यंत्रं, सुटे भाग महागतात. असा कारखाना उभारायला कोण धजेल? भारताची निर्यात अनेक मालांची, म्हणून आपल्याकडे हे इतकं तीव्र नाही.

आपल्याकडे सरकारी निर्णयांची भर पडते. ५ मार्च २०१२ ला कापूस निर्यातीवर बंदी आली आणि आठवड्याभरात मागे हटली. आयातीवरचं ११ टक्के शुल्क २०२१ मध्ये लागलं, एप्रिल २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी उठलं, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तसंच. एखाद्या निर्णयाने शेतकऱ्याचं भलं होईल, दुसऱ्याने गिरणीचं. पण दोन महिन्यांपूर्वी दर बांधून बसलेल्या निर्यातदाराला दोन्ही सारखेच अंगावर येतात.

म्हणून जाणत्या गिरण्या दर कळवताना तो चोवीस तासांपुरताच आहे असं लिहितात. ऑर्डर पक्की झाली त्याच दिवशी निम्मी रुई उचलतात, उरलेली दोन-तीन टप्प्यांत, आणि गाठींचे चाचणी अहवाल आल्याशिवाय मिक्सिंग लावत नाहीत. भाव पळत असताना हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात जड जातं.