नीटचे गुण आणि नीटची रँक: कटऑफ नेमका कशाचा बघायचा?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियापासून हिंगोली-परभणीतल्या घरांपर्यंत एकच प्रश्न फिरतो: "कितीवर सरकारी लागतंय?" कुणीतरी गेल्या वर्षीचे गुण सांगतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पात्रतेचा कटऑफ सगळ्यांना पाठ आहे. २०२५ ला खुल्या वर्गासाठी १४४, राखीवसाठी ११३. एवढे गुण म्हणजे काउन्सेलिंगच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, रांगेत उभं राहायची परवानगी, बस्स. त्यावर 'नीट क्वालिफाइड'चे फ्लेक्स लावणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

खरी गल्लत गुण आणि रँक यांत होते. गुण पेपरवर अवलंबून असतात, सीट मात्र रँकवर मिळते. ५६० गुणांचंच बघा. २०२४ ला सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते. त्या वर्षी ५६० वाल्याची देशातली रँक लाखाच्या पलीकडे गेली. २०२५ ला पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले आणि ५५१ च्या वर देशभरात १२ हजारसुद्धा मुलं नव्हती. म्हणजे तेच ५६० गुण एका वर्षी खुल्या वर्गातून सरकारी कॉलेजच्या जवळपासही नेत नाहीत आणि दुसऱ्या वर्षी चांगलं सरकारी कॉलेज देतात. २०२५ ला फिजिक्स अवघड होतं, शिवाय आधीच्या वर्षांतले ऐच्छिक प्रश्न आणि जादाची २० मिनिटं काढून घेतली होती. २०२४ चा गुणांचा तक्ता मोबाइलमध्ये जपून ठेवलेल्या मामा-काकांनी निकालाच्या दिवशीच "रिपीट कर" म्हटलं, तर त्या लेकराचं एक वर्ष आणि मेस-खोलीचे पैसे फुकट जातात.

म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारे 'अपेक्षित कटऑफ'चे तक्ते सरळ डिलीट करा. राज्यातल्या प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीची निवड यादी असते. मागच्या दोन वर्षांच्या याद्या उतरवून घ्या. त्यात आपला प्रवर्ग आणि हवं ते कॉलेज शोधून शेवटच्या उमेदवाराची रँक लिहून काढा. पहिल्या फेरीची वेगळी, शेवटच्या फेरीची वेगळी. फेरीगणिक आणखी मागच्या रँकपर्यंत सीट जाते, पहिल्या फेरीवरूनच आशा सोडू नये. यादीत सगळ्यात खालची रँक दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नका. तो उमेदवार बहुतेक वेळा संरक्षण, दिव्यांग किंवा डोंगरी भागाच्या कोट्यातला असतो. मुलींसाठीच्या ३० टक्के जागांची शेवटची रँकही वेगळी मोजावी लागते.

त्याहून नेमका आकडा म्हणजे राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक. देशात तुमच्या पुढे किती, यापेक्षा ८५ टक्के राज्य कोट्याच्या रांगेत महाराष्ट्रातली किती मुलं पुढे आहेत, हे महत्त्वाचं. ही यादी आली की देशपातळीची रँक बाजूला ठेवून या क्रमांकानंच तुलना करावी.

उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्याची रांग वेगळी. तिथं एसईबीसी (राज्यातला मराठा आरक्षणाचा) प्रवर्गच नाही. केंद्राच्या यादीतलं ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र नसेल, तर खुल्यातच धरलं जातं. राज्याच्या जुन्या याद्या चाळतानाही हे ध्यानात ठेवा: सध्याचं एसईबीसी आरक्षण २०२४ चं, २०२३ च्या यादीत तो रकाना सापडणार नाही.

"मराठवाड्याच्या मुलाला मराठवाड्यात कमी लागतं" हे अजूनही ऐकू येतं. तो ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्येच रद्द झाला. आता अंबाजोगाईच्या सीटवर कोल्हापूरच्या मुलाचाही तितकाच हक्क आहे. दुसरीकडे जागाही वाढल्या: धाराशिव, परभणी आणि २०२४ मध्ये जालना-हिंगोली. नवीन कॉलेजची मागची यादी एक-दोन वर्षांचीच असते, तिच्यावर फार विसंबू नका.

पसंतीक्रम भरताना ही सगळी आकडेमोड गुंडाळून ठेवायची. 'मिळणार नाही' म्हणून संभाजीनगर खाली आणि 'नक्की मिळेल' म्हणून हिंगोली वर टाकली, तर हिंगोलीच मिळते, रँक संभाजीनगरची असली तरी. वरचं कॉलेज लागलं नाही, तर खालच्याचा हक्क जात नाही.