अँटिव्हायरस पूर्णपणे का निघत नाही : पार्श्वभूमी

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य वर्षानुवर्षे ठरलेले होते : ‘साहेब, फॉरमॅट मारू या.’ मशीन मंद झाले, नवे अँटिव्हायरस चढत नाही, जुन्याची मुदत संपून दर दहा मिनिटांनी खिडकी उघडते, अशा कोणत्याही तक्रारीवर हाच उतारा असे आणि गिऱ्हाइकाला तो आळशीपणाचा वाटे. प्रत्यक्षात त्यामागे हिशेब होता. संरक्षणासाठी घेतलेले सॉफ्टवेअर मुळापासून उपटण्यात अर्धा दिवस जाई आणि तरीही ते पूर्ण निघाले याची खात्री देता येत नसे. डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाकायला मात्र दोन-अडीच तास पुरत. ही परिस्थिती कशी आली, याचे उत्तर तीस वर्षांत वेगवेगळ्या वेळी घेतल्या गेलेल्या दोन-तीन निर्णयांत आहे.

डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या, काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. लाहोरमध्ये लिहिला गेलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस 1986 मध्ये फ्लॉपीवरून पसरू लागला आणि पुढच्या काही वर्षांत व्हायरस शोधणारे प्रोग्राम आले. ते मेमरीत बसून राहत, पण त्यांना तिथे बसवणारी ओळ ऑटोएक्झेक किंवा कॉन्फिग या दोन साध्या मजकुराच्या फायलींत डोळ्यांना दिसे. ती ओळ पुसायची, मशीन बंद करून चालू करायचे, फोल्डर उडवायचे, की काम झाले.

विंडोज 95 ने हे चित्र बदलले. प्रोग्रामची माहिती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या सामाईक नोंदवहीत, जाऊ लागली, सामाईक फायली सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जाऊ लागल्या आणि कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम काढण्याची यादी आली. ही यादी पाहून विंडोजच प्रोग्राम काढते अशी समजूत झाली आणि ती आजही कायम आहे. यादीतील प्रत्येक नोंद ही फक्त एक पत्ता असते. तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच लिहिलेल्या अनइन्स्टॉलरकडे ती बोट दाखवते. बटण दाबले की विंडोज तो अनइन्स्टॉलर चालू करून बाजूला होते. थोडक्यात, भाडेकरूनेच आपले सामान आवरायचे आणि काय न्यायचे, काय ठेवायचे हेही त्यानेच ठरवायचे, अशी ही व्यवस्था होती. पागडीच्या घरांच्या शहरात तिचे परिणाम वेगळे समजावून सांगायला नकोत. 1999 मध्ये विंडोज इन्स्टॉलर ही सामाईक यंत्रणा आली आणि कोणती फाइल कुठे टाकली याची नोंद विंडोजकडे राहू लागली. पण त्या नोंदी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असत. डिस्क भरली म्हणून कोणी तो फोल्डर रिकामा केला, की यादीतून प्रोग्राम काढण्याचा मार्ग बहुधा बंद होई. शिवाय कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढायला अँटिव्हायरस कंपन्यांना स्वतःचा वेगळा कोड लिहावाच लागे.

खरी गुंतागुंत विंडोज एक्सपीच्या वर्षांत, म्हणजे 2001 नंतर झाली. अँटिव्हायरस हा तोवर मागितल्यावर तपासणी करणारा प्रोग्राम राहिला नव्हता. तो प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येणारा चौकीदार झाला होता. त्यासाठी तो फाइल सिस्टिमच्या वर फिल्टर ड्रायव्हर बसवी. अशा ड्रायव्हरांची उतरंड लागते आणि त्यात कोण वर, कोण खाली, यावर मशीन चालणार की कोसळून निळा पडदा दाखवणार हे ठरते. पुढे या उतरंडीसाठी प्रत्येक ड्रायव्हरला ठरावीक आकडा देण्याची पद्धत आली. अँटिव्हायरसचा आकडा साधारण 3,20,000 ते 3,30,000 यांच्यामधला असतो. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस असले, की एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासे, दुसऱ्याने उघडलेली पहिला तपासे आणि टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन होई. फाइल सिस्टिमखेरीज इंटरनेटच्या वाटेवरही ही मंडळी बसत. विंडोजमधील नेटवर्क जोडणीच्या साखळीत आपली कडी घालण्याची सोय कंपन्यांना होती. अनइन्स्टॉलरने फाइल पुसली पण साखळीतील नोंद तशीच ठेवली, की साखळी तुटे.

2006 च्या सुमारास गिरगावातील एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. रिटर्न भरण्याची शेवटची तारीख जवळ आलेली, मुदत संपलेले अँटिव्हायरस काढलेले आणि इंटरनेट बंद. केबल ठीक होती, मोडेमचे दिवे ठीक होते, पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जात होते, उत्तरही येत होते. फक्त ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नव्हते. केबलवाल्याला दोनदा बोलावून झाले होते आणि तो दोन्ही वेळा बरोबर होता. दोष काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या उरलेल्या एका नोंदीत होता. ऑगस्ट 2004 मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे एकत्रित सुधारणांच्या संचाने, ही साखळी मूळपदावर आणणारी एका ओळीची आज्ञा दिली होती. ती टाइप करून मशीन पुन्हा चालू केल्यावर पाने उघडली. कार्यालयातील ज्येष्ठ भागीदारांनी त्यावर एवढेच विचारले की, काढलेली वस्तू बंद कशी पाडू शकते.

उरलेले सगळेच अवशेष निष्काळजीपणाने राहत नाहीत, हेही सांगायला हवे. ब्रँडेड मशीनबरोबर चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस आधीच चढवून येई आणि त्यासाठी मशीन बनवणाऱ्याला सॉफ्टवेअर कंपनी पैसे मोजत असे. तीस दिवसांची मुदत संपल्यावर तेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून आणखी तीस दिवस मिळू नयेत, म्हणून परवान्याची खूण मुद्दाम मागे ठेवली जाई. अडकवून ठेवलेल्या संशयित फायली, सेटिंग, कधी सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूक तपासण्यासाठी विंडोजच्या भांडारात टाकलेले मूळ प्रमाणपत्र (विंडोज ज्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते अशी ओळखपत्रासारखी फाइल), हेही मागे राहत. यातील काही गोष्टींना कारण देता येते. प्रमाणपत्र मागे ठेवण्याला मात्र समर्थन सापडत नाही.

या साऱ्या इतिहासातला वादाचा निर्णय म्हणजे स्व-संरक्षण. 2001 च्या अखेरीस पसरलेला ‘क्लेझ’ आणि 2002 मधला ‘बगबेअर’ हे मेलमधून येत आणि आल्याबरोबर मशीनवर चालू असलेल्या अँटिव्हायरसच्या प्रक्रिया नावाने शोधून बंद पाडत. चौकीदाराचा गळा आधी दाबायचा, ही रीत झाली. त्यावर कंपन्यांनी उत्तर म्हणून आपले सॉफ्टवेअर बंद पडू नये, त्याच्या फायली पुसता येऊ नयेत, त्याच्या रजिस्ट्रीतील नोंदी बदलता येऊ नयेत, अशी तजवीज केली. तंत्रदृष्ट्या हे कर्नलमधील आज्ञांच्या तक्त्यात हात घालून केले जाई : कोणीही ‘ही प्रक्रिया बंद कर’ म्हटले, की ती विनंती आधी अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरकडे जाई आणि तो ‘प्रवेश नाही’ असे उत्तर देई.

अडचण अशी, की विनंती घुसखोराने केली आहे की मशीनच्या मालकाने, हे ड्रायव्हरला कळण्याचा कोणताही भरवशाचा मार्ग नव्हता. दोघेही प्रशासक, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणूनच बोलत. मालकाच्या नावाने चालणारा व्हायरस आणि खुद्द मालक यांच्यात फरक करता येत नसल्याने दोघांनाही सारखेच अडवायचे, असा निर्णय झाला आणि मालकासाठी एकच दरवाजा ठेवला, तो म्हणजे कंपनीचा स्वतःचा अनइन्स्टॉलर. तो दरवाजा बिघडला, अर्धवट अपडेटमुळे म्हणा किंवा डिस्कच्या दोषामुळे म्हणा, तर आतली सगळी कुलपे शाबूत आणि किल्ली हरवलेली, अशी अवस्था होई. मग कंपन्यांनी स्वतंत्र सफाई साधने काढली. ती बहुधा सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह चालू करून, चालवावी लागत, कारण तिथे चौकीदार जागा झालेला नसतो. एका कंपनीच्या साधनात तर पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप करावी लागत, म्हणजे समोर माणूस आहे, व्हायरस नाही, याची खात्री पटावी. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाने आपलीच वस्तू काढताना आपण माणूस असल्याचा पुरावा द्यायचा, हा त्या निर्णयाचा तर्कशुद्ध शेवट होता.

विंडोज बनवणाऱ्या कंपनीने 64 बिटच्या आवृत्त्यांत कर्नलमध्ये असा हात घालण्याला बंदी केली आणि 2006 मध्ये, व्हिस्टा बाजारात येण्याच्या तोंडावर, मोठ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याविरुद्ध जाहीर ओरड केली. प्रकरण युरोपातील स्पर्धा नियामकांपर्यंत गेले. कंपन्यांचे म्हणणे असे होते की, विंडोजवालीला स्वतःचे संरक्षण सॉफ्टवेअर विकायचे आहे म्हणून ती आमचे हात बांधते आहे. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंनी ‘गिऱ्हाइकाचे रक्षण’ हा शब्दप्रयोग सतत केला आणि गिऱ्हाइकाने सॉफ्टवेअर काढायचे ठरवले तर काय, हा विषय दोघांनीही चर्चेला घेतला नाही. तडजोड म्हणून व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून प्रक्रिया बंद होण्यापासून वाचवण्याचा अधिकृत मार्ग दिला गेला. 2013 मधील विंडोज 8.1 ने पुढचे पाऊल टाकले : अँटिव्हायरसला संरक्षित प्रक्रियेचा दर्जा मिळाला, म्हणजे जे पूर्वी कंपन्या आडवाटेने करत होत्या ते आता विंडोजच करू लागले. टास्क मॅनेजरमध्ये प्रशासकालाही ‘प्रवेश नाही’ हेच उत्तर मिळते.

कार्यालयांत याला पासवर्डची जोड असते. कर्मचाऱ्याने परस्पर काढू नये म्हणून अनइन्स्टॉलला पासवर्ड लावण्याची सोय रास्तच आहे. फक्त तो पासवर्ड ज्या एएमसीवाल्याने (वार्षिक देखभाल कंत्राटदाराने) लावला तो करार संपवून गेलेला असतो. फोर्ट आणि अंधेरीतील लहान कार्यालयांत परवाना नूतनीकरण न झालेली आणि तरीही काढता न येणारी अशी मशीन सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

दरम्यान विंडोजमध्ये स्वतःचे अँटिव्हायरस आले. 2012 च्या विंडोज 8 पासून ते आधीच बसवलेले असते आणि दुसरे अँटिव्हायरस नोंदले गेले की ते आपोआप झोपी जाते. ही नोंद विंडोजच्या सिक्युरिटी सेंटर या संरक्षणाचा हिशेब ठेवणाऱ्या भागाकडे असते. बाहेरचे अँटिव्हायरस अर्धवट निघाले आणि नोंद मागे राहिली, तर विंडोज त्या मृत रखवालदाराच्या भरवशावर आपला रखवालदार झोपवून ठेवू शकते. मशीनवर काहीच चालू नसते आणि पडद्यावर मात्र कोणीतरी चालू असल्याचे दिसते. अवशेषांचा सर्वांत घातक परिणाम बहुधा हाच.

जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ हा दोष उघड झाला तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट घडली. काही अँटिव्हायरस कर्नलमध्ये अजूनही न सांगता हात घालत होते आणि दुरुस्तीचा अपडेट आल्यावर अशी मशीन कोसळत होती. म्हणून विंडोजने अट घातली की, अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत ‘मी सुसंगत आहे’ अशी नोंद केल्याशिवाय अपडेट मिळणार नाही. विंडोज 7 च्या ज्या मशीनवर अँटिव्हायरस काढून टाकले होते, तिथे ही नोंद करणारेच कोणी नव्हते. ती हाताने करावी लागत होती.

2024 या वर्षाने हा विषय तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर आणला. शुक्रवार, 19 जुलै रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 वाजता एका अमेरिकी कंपनीच्या संरक्षण सॉफ्टवेअरला सदोष फाइल पोहोचली आणि जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. मुंबईसह देशातील विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण ज्या मशीनवर ती पोहोचली होती तिथे माणसाने जाऊन, सेफ मोड उघडून, ड्रायव्हरच्या फोल्डरमधील ती एक फाइल पुसण्यावाचून बहुतेक ठिकाणी गत्यंतर नव्हते. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी तिची 48 अंकी किल्ली शोधायची. लॅमिंग्टन रोडच्या कारागिरांनी एक्सपीच्या काळात ज्या पायऱ्या तोंडपाठ केल्या होत्या, त्या त्या दिवशी बँकांच्या आणि विमान कंपन्यांच्या अभियंत्यांना फोनवरून सांगितल्या जात होत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एका रशियन अँटिव्हायरसच्या अपडेटवर सरकारी बंदी लागू होणार होती. त्याआधी त्या सॉफ्टवेअरने ग्राहकांच्या मशीनवरून स्वतःला काढले आणि आपल्या जागी दुसऱ्याच कंपनीचे अँटिव्हायरस बसवले. मेलने पूर्वसूचना दिली होती असे कंपनीचे म्हणणे होते. अनेकांना सकाळी मशीन चालू केल्यावर अनोळखी नाव दिसले आणि काहींनी तक्रार केली की, काढल्यावर रीस्टार्टनंतर ते परत येते. अनइन्स्टॉलर किती स्वच्छ चालू शकतो, हे या प्रकरणात प्रथमच दिसले, पण ते ग्राहकाने बटण न दाबता.

जुलैच्या घटनेनंतर विंडोजवालीने अँटिव्हायरसला कर्नलबाहेर काम करता येईल अशी रचना जाहीर केली आणि 2025 मध्ये ती निवडक कंपन्यांना चाचणीसाठी देण्यास सुरुवात केली. कर्नलमधील ड्रायव्हर गेले, तर अर्धवट निघालेल्या सॉफ्टवेअरमुळे मशीन चालूच न होण्याचे प्रसंग कमी होतील. संरक्षित प्रक्रियेचा दर्जा मात्र कर्नलबाहेरही राहतो आणि यादीतील नोंद 1995 प्रमाणेच कंपनीने लिहिलेल्या अनइन्स्टॉलरकडे बोट दाखवते.