नर्व्ह दुखावल्यावरची सूज आणि इम्यून सिग्नल

हातापायाकडे किंवा चेहऱ्याकडे जाणारी नर्व्ह कापली, चेंगरली नाहीतर जोरात ताणली गेली की तिथे सूज येते आणि आजूबाजूच्या पेशी एकमेकींना केमिकल निरोप धाडायला लागतात, त्या सगळ्या प्रकाराबद्दल ही नोंद आहे. बोलताना आपण नस म्हणतो पण रक्ताच्या शिरेलाही नसच म्हणतात, म्हणून इथे नर्व्ह हाच शब्द ठेवलाय.

नर्व्हमधला लांबलचक धागा म्हणजे ॲक्सॉन. तो तुटला की पेशीपासून वेगळा झालेला पुढचा भाग मरतो, पण लगेच नाही, उंदरात साधारण दीड दिवस तो शाबूत दिसतो आणि मग एकदम त्याचे तुकडे पडतात. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे दाखवलं, म्हणून वॉलेरियन डीजनरेशन हे नाव. पोषण तुटलं म्हणून तो भाग मरतो असं बरीच वर्षं मानत होते, पण खरं तर ॲक्सॉन स्वतःच स्वतःला मोडतो, सार्म-१ नावाचं प्रोटीन एनएडी हा ऊर्जेसाठी लागणारा रेणू संपवून टाकतं.

पहिली हाक देतात त्या श्वान पेशी (Schwann या शास्त्रज्ञाच्या नावावरून, कुत्र्याशी संबंध नाही). एरवी त्या ॲक्सॉनला मायलिनचं वेष्टण घालतात, पण इजा झाली की ते काम सोडतात, काही तासांतच टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि मग एमसीपी-१ या पेशींना बोलावणाऱ्या द्रव्यामुळे रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे ओढल्या जातात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी आधी येतात, दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज (मोनोसाइटपासून बनणाऱ्या, कचरा खाणाऱ्या पेशी) मोठ्या संख्येने येतात आणि मायलिनचा कचरा खायला लागतात, तोपर्यंत श्वान पेशी स्वतःच जमेल तेवढा खात असतात. ही साफसफाई फार महत्त्वाची आहे कारण पडलेल्या मायलिनमध्ये वाढ अडवणारे घटक असतात. मेंदू आणि मज्जारज्जूत हाच कचरा खूप हळू उचलला जातो, तिथे नर्व्ह नीट न वाढण्याचं हे एक कारण.

म्हणून सूज आली की ती दाबायचीच, हा विचार मला अपुरा वाटतो. एका जातीच्या उंदरात जनुकातल्या बदलामुळे तुटलेला ॲक्सॉन दोनेक आठवडे टिकतो, ऐकायला छान वाटतं, पण त्यांच्यात मॅक्रोफेज उशिरा येतात आणि संवेदनेचे नवे ॲक्सॉनही उशिरा वाढतात. माणसात ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे कोपराजवळ इजा झाली तर बोटांपर्यंत पोचायला महिनोन्महिने जातात.

त्रास होतो तो सूज वेळेत ओसरली नाही की. टीएनएफसारखी द्रव्यं दुखण्याच्या नर्व्हना जास्त संवेदनशील करतात, आणि दुखावलेल्या संवेदी पेशी सीएसएफ-१ हे निरोपाचं प्रोटीन सोडून मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या इम्यून पेशींना जागं करतात, मग मायक्रोग्लियातून बीडीएनएफ हे आणखी एक प्रोटीन बाहेर पडतं आणि दुखण्याचा ब्रेक सैल होतो. नुसता कपडा घासला तरी आग होते ती यामुळेच, आणि नेहमीच्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांचा अशा दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं द्यावी लागतात.

२०१५ मध्ये उंदरांवर दिसलं की मायक्रोग्लिया थांबवल्या तर नरांचं दुखणं कमी होतं, माद्यांचं होत नाही, तिथे बहुधा टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ते काम करतात. त्याआधीचे दुखण्यावरचे बहुतेक प्रयोग नुसत्या नरांवरच झालेले होते, आणि ही गोष्ट खरंच खटकते.